चादरीएवढी दरी

४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस आजीचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पाकीट मिळालं. मी सांगतेय आणि नेहमीप्रमाणे तुझी आई लिहितेय. अक्षर तिचं, तोंड माझं. तुझ्या बाबांच्या मागे तिने एकटीने चालवलेलं इस्त्रीचं दुकान सोडून तू वाळवंटात दगडांचे फोटो काढायला गेलीस. तेव्हापासून ती तुझ्याशी बोलत नाही, हे गल्लीतल्या मांजरांनाही ठाऊक आहे. पण मला अक्षरओळख नसल्यामुळे तिला तुला पत्र लिहावंच लागतं. म्हणून मी मुद्दाम लांबण लावते.

आता फोटोबद्दल. पाकिटातून आधी तोच बाहेर आला. आम्ही तो दुकानाच्या टेबलावर दिव्याखाली धरला. मी विचारलं, पोरीने चुरगळलेल्या चादरीचा फोटो कशाला पाठवला? तुझ्या आईने चष्मा लावून निकाल दिला की चादर सुती आहे, पिळून तशीच टाकलेली दिसते, पाणी शिंपडून कडक इस्त्री फिरवली तर चुण्या जातील. मग तिने तुझी चिठ्ठी वाचली आणि कळलं की ही दरी आहे. दोघींचे चेहरे तू बघायला हवे होतेस. खरं सांग, केवढी आहे ती? आपल्या गल्लीएवढी?

तुझ्या आईची कंबर धरली आहे. हे लिहायला ती तयार नव्हती, मी लिहायला लावलं.

माया आहेच, ती तिकडच्या उन्हाने आटू देऊ नकोस.

तुझी आजी

१९ फेब्रुवारी

ती. आजीस सा. न. वि. वि.

चादर वाचून इतकी हसले की कॅमेऱ्याची तिपाई कलंडता कलंडता राहिली.

गल्लीएवढी? आजी, आपली गल्ली, मागचा बाजार आणि पलीकडची टेकडी, सगळं आत ओतलं तरी हिचा तळ झाकला जाणार नाही. पहिल्यांदा दरीच्या कडेवर आले तेव्हा मी खालीच बसले. पहाटे सगळं राखाडी असतं. मग समोरच्या कड्याच्या माथ्याला ऊन लागतं आणि दगडाच्या थराथरावरून खाली उतरत येतं. वरचा थर विटकरी होतो, खालचा केशरी, त्याच्या खालचा जांभळा. मी बटण दाबायचं विसरते. अगदी तळाशी दोऱ्यासारखं काहीतरी चमकतं, ती नदी. हे एवढं सगळं त्या दोऱ्याने कापलंय, यावर अजून माझा विश्वास बसत नाही.

तुमचं दोघींचं चुकलं नाही. माझ्या फोटोत माणूस नाही, झाड नाही. मोठेपणा ठरवायचा कशावरून?

आईने कंबर शेकावी. मी इथून रोज तिची आठवण काढते, हेही तिने वाचावं.

आहे तशीच माझी राहा.

भिंगरी

८ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

पत्र वाचून दाखवताना तुझी आई शेवटी एका जागी अडली आणि एकदम तुझ्या नावावर गेली. मला वाचता येत नाही, पण गाळलेलं ऐकू येतं.

तर मग त्या दरीत माणूस उभा कर. मीच आले असते, पण माझे गुडघे जिनासुद्धा उतरत नाहीत. तुझ्या आईला पाठवते.

इथे तिने पेन खाली ठेवलं. म्हणाली, दुकान कोण बघणार? मी म्हटलं, शेजारच्या शिंप्याला इस्त्री येते, आणि त्याच्यावर ओरडायला मी आहे. ती म्हणाली, दगड बघायला एवढं लांब जायला ती खुळी नाही. हे तिने स्वतःच्या हाताने लिहिलंय बघ. मग मी एवढंच म्हटलं की पोरीने आपल्याला कशासाठी सोडलं ते एकदा डोळ्यांनी बघून ये, मग हवं तर जन्मभर बोलू नकोस.

तिने पेन पुन्हा उचललं. मग ती म्हणाली, पुढे सांगा.

जाते असं काही ती म्हणालेली नाही. पण आज तिची बॅग गच्चीत उन्हाला ठेवलेली आहे.

तब्येतीला जप, आणि येणाऱ्या माणसालाही.

आजी

२ एप्रिल

ती. आजीस सा. न. वि. वि.

आई सुखरूप पोचली. गाडीत ती माझ्या शर्टाच्या कॉलरवरच्या मळाखेरीज कशावरही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कडेवर तिपाई लावली. आई वाटाड्याचा हात धरून, कंबर सांभाळत खालच्या सपाट खडकाकडे निघाली. कुठे उभं राहायचं तेवढं तिने विचारलं. आजी, जी बाई घरात शिरली की घर भरून जातं, ती मला भिंगातून सापडेना. मी घाबरून इकडेतिकडे शोधत राहिले. मग खालच्या वाटेच्या वळणावर एक लाल ठिपका दिसला, तिचा स्कार्फ. तांदळाच्या दाण्याहून बारीक. आणि त्याच्याभोवती ती दरी वाढतच गेली. इतके महिने मी तिथे उभी होते, पण ती केवढी आहे ते मला त्या क्षणी कळलं.

फोटो झाला तरी आई वर येईना. मी धावत उतरले. ती कड्याला तळहात लावून वर बघत होती. दगड कोमट आहे म्हणाली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली की तिला इतके दिवस वाटत होतं मी तिच्यापासून पळाले. आणि थोड्या वेळाने, आता कळलं, म्हणाली. तिने माझी कॉलर सरळ केली.

परतीचं विचारलं तर म्हणते, संध्याकाळचं ऊनही बघायचं आहे. असं ती रोज म्हणते.

तुझा हात डोक्यावर असू दे.

भिंगरी

१५ एप्रिल

चि. भिंगरीस आणि तिच्या आईस आशीर्वाद.

हे शिंपी लिहितोय. त्याने एका साहेबांच्या पँटवर इस्त्रीचा शिक्का उठवलाय. हे लिहिणार नाही म्हणत होता. सूनबाई, तरीही घाईने येऊ नकोस.

फोटो आला. ठिपका मला दिसेना, शिंप्याने सुईच्या टोकाने दाखवला. मी त्याच्यावर बोट ठेवलं तर दरी विझली, नुसता कागद राहिला. बोट उचललं. माझी सून तिथे उभी होती आणि तिच्या डोक्यावर दगडाचं आभाळ चढत गेलं होतं. मी बसल्या जागी टेबलाची कड घट्ट धरली.

दोघींची,
आजी