सायकलीसोबत कोण

बुधवार, दुपार

प्रिय सूनबाई,
अनेक आशीर्वाद.

हाताचं प्लास्टर निघालं का? जड काही उचलू नकोस. इकडे भिंगरीचा पुढचा दात पडला. बोलताना शिट्टी वाजते आणि तीच खिदळते. तुझी आठवण काढते, पण बापासमोर नाही. सहा वर्षांच्या पोरीला एवढं कळावं, याचं फार वाईट वाटतं.

माझा फोन तो चाळतो, म्हणून हे पत्र ओळखीच्या बस कंडक्टरच्या हाती देते आहे.

कामावर जायला लांब पडतं, माझी सायकल पाठवा, असं तू कळवलंस. काल सकाळी तो दाढी करत असताना मी रेल्वेचं ऑनलाइन तिकीट काढायला बसले. सायकल एकटी जात नाही म्हणे. सोबत प्रवासी लागतो, आणि तिची जागाही आधी धरावी लागते. मी माझं नाव घातलं. खातं त्याचं, त्यामुळे मेसेज गेला त्याच्या मोबाइलवर.

अर्धी दाढी तशीच ठेवून तो शांतपणे बाहेर आला. तो शांत असला की काय होतं, ते तुला मी काय सांगू?

“आई, ती तिथे आहे होय?”

मी फोन पदराआड लपवला.

“तू कशाला दगदग करतेस? मी नेतो सायकल. ती घ्यायला येईलच स्टेशनवर.”

माझं तिकीट रद्द करून त्याने स्वतःचं काढलं. शनिवारी पहाटेची गाडी, सायकलीसकट.

सासूने केसाने गळा कापला, म्हणशील. पण मेसेज कुठे जाणार हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि मी टाकलेलं स्टेशन तुझ्या गावाचं नाहीच. पार उलट्या दिशेचं आहे, पोचायलाच संध्याकाळ होते. पोटच्या पोराला फसवलं गं मी.

तुझी सायकल गेली असं समज. काही दिवस पायी जा.

त्याची गाडी सुटली की मी भिंगरीला घेऊन बसने निघते. दुपारपर्यंत तुझ्या दाराशी येऊ. तिला अजून सांगितलेलं नाही, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही.

तिला तुझ्या हवाली करून परत फिरायचं, असं आधी ठरवलं होतं. पण तो रिकाम्या घरात परत येईल तेव्हा मला तिथे असायचं नाही. मला माझ्याच मुलाची भीती वाटते. हे आजवर कुणाला बोलले नव्हते.

पिशवीत माझेही दोन जोड कपडे भरलेत. जागा नसेल तर दारातच सांग, मी राग धरणार नाही. पोरीला मात्र आधी आत घे.

भिंगरीची आजी