एकेचाळीस गवतांच्या नोंदी

मी राजाराम केरू होवाळ, वय ७४, निवृत्त वनस्पतिशास्त्र प्राध्यापक, राहणार कडेगाव, जि. सांगली. डोके ठिकाणावर आहे. कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, स्वतःहून हे लिहीत आहे.

१. राहते घर आणि बँकेतील शिल्लक माझी मुलगी माया हिला. भावकीतल्या कोणी हक्क सांगू नये. बायकोच्या आजारपणात कोणी फिरकले नव्हते.

२. सायकल आणि सूक्ष्मदर्शक आमच्या प्रयोगशाळेचे परिचर हरिबा यांना. पुढचे कलम त्यांच्यासमोर वाचू नये.

३. वनस्पतींची गुणसूत्रसंख्या सांगणारे माझे संकेतस्थळ सर्व संशोधकांना खुले आहे, खुलेच राहावे. त्यात २,३१६ नोंदी आहेत. पैकी एकेचाळीस गवतांविषयी सांगणे भाग आहे.

२००९ साली माणच्या माळावरून त्यांचे बी आणून मी कुंड्यांत रोपे केली. खंडेनवमीला विभागात उपकरणांची पूजा होई. मी बौद्ध, पूजेला हात जोडायचे नव्हते, हरिबांना दुखवायचेही नव्हते, म्हणून दरवर्षी रजा टाकत असे. त्या वर्षी परतलो तर कुंड्या चकचकीत.

"सर, समद्या धुतल्या, रांगंत लावल्या. पाट्याबी पुसून परत खोवल्या. लय झाक दिसतंय न्हवं?"

"कुठली पाटी कुठं होती, आठवतं का?"

"आवं सर, समदं गवातच की!"

तुरा येईपर्यंत ती रोपे मलाही वेगळी ओळखू येत नव्हती. गुणसूत्रांच्या आकड्यांची यादी छापायला पाठवायची मुदत आठ दिवसांवर होती. पाट्यांची अदलाबदल झाली असेल, हे मी कोणाला कळवले नाही. मुळांची टोके कापली, रंगवली, गुणसूत्रे मोजली आणि पाटीवरच्या नावापुढे आकडे लिहिले.

पुढे नऊ गवते पुन्हा आणून मोजली. पाच चुकीची निघाली; ती दुरुस्त केली. उरलेल्या बत्तिसांचा माळ आता सपाट झाला आहे, ती पुन्हा मिळायची नाहीत. आकडे मात्र परदेशापर्यंत गेले. ते वापरणाऱ्या तिथल्या एका संशोधकाला चूक कळवणारे पत्र लिहिले. उत्तर आले, "आमचं छापून झालं."

माया म्हणते, "बाबा, काढून टाका की." काढल्या तर इतरांकडच्या नकला तशाच राहतील आणि शंका कुठेच नोंदलेली उरणार नाही. म्हणून या बत्तीस नोंदी ठेवाव्यात. प्रत्येकीपुढे 'संशयास्पद, चूक रा. के. होवाळ यांची' असे लिहावे. हरिबांचे नाव घालू नये.

४. खरा आकडा कोणता, असे कोणी विचारल्यास मायाने उत्तर टाळू नये. ठाऊक नाही, असे कळवावे.

सही: रा. के. होवाळ
कडेगाव, दि. १२ जानेवारी २०२५

सरांनी आमच्यासमोर वाचून सही केली, आम्ही त्यांच्यासमोर केली:
१. तात्याबा रामू मोहिते, कडेगाव
२. साईराज विलास यादव, कुंडल