दाराच्या कोपऱ्यातला ठिपका

चिमणे,

रविवारी येते म्हणालीस. येऊ नकोस.

तुझा भाऊ आता रोज प्रार्थनेला जातो. आधी मला बरंच वाटलं. उनाडक्या सुटल्या, उलट बोलणं थांबलं. मीही चारचौघांत मिरवलं. तिथे तरण्या पोरांचा एक गट आहे, हा त्यातलाच. प्रार्थनेला कोण येतं, कोण येत नाही, यावर त्यांचं बारीक लक्ष.

रंग देण्याआधी दाराच्या खालच्या कोपऱ्यात एक ठिपका लावून बघायचा, ही आम्हा रंगाऱ्यांची रीत. त्यालाही मीच शिकवली. परवा गल्लीत सात दारांवर तसे लाल ठिपके दिसले. शिंपीणबाईंनी मला हटकलं, "मामा, मी कुठे रंग द्यायला सांगितलाय?"

"चुकून लागला असेल," म्हणत मी हसत पुसला. मग बाकीची दारं बघितली आणि हसू गेलं. सातही घरं प्रार्थनेला न जाणारी.

जेवताना त्याला विचारलं. घास न थांबवता म्हणाला, "बाबा, आधी ठिपका, मग रंग. तुम्हीच शिकवलंत ना?"

आज तुझ्या बंद खोलीच्या दारावर ठिपका होता, अजून ओला. मी फडकं घेऊन वाकलो, तर तो मागेच उभा.

"राहू द्या. ताईचा नवा पत्ता काय?"

"आठवत नाही," म्हणालो.

माझा फोन आता त्याच्याच खिशात असतो. पोस्टाच्या खिडकीत त्याच्या गटातला पोरगा बसतो. म्हणून पाकिटावर तुझा पत्ता लिहायला हात धजत नाही.

आज शुक्रवार आहे, पोरी.

बाबा