जाळीखालचा घास

अहो,

तुम्ही दोन्ही हातांत जाळायच्या कचऱ्याच्या पिशव्या घेऊन दारात उभे होतात आणि पायानंच बूट चाचपत होतात. मी इराचा शाळेचा डबा भरत होते. भेंडी बघून ती जपानीत काहीतरी पुटपुटली, तिला मी मराठीत उत्तर दिलं, आणि तुम्ही दोघींना म्हणालात, "एक भाषा ठरवा, मग भांडा." मग खाली गेलात. मी गॅलरीत कपडे वाळत घालता घालता बघत होते. पिशव्या ठेवून तुम्ही वर निळी जाळी पसरली, कडांवर पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. तारेवर कावळे बसलेच होते. त्यांच्याकडे बघून नेहमीसारखा हात हलवलात.

वर आल्यावर म्हणालात, "तिकडे यांना घास ठेवला तर पुण्य, इथे जपानात ठेवला तर शेजाऱ्यांची बोलणी. कावळा मात्र तोच."

बॅग खांद्याला लावताना म्हणालात, "संध्याकाळी आलो की एक बोलायचंय. आठवण कर."

"आत्ताच सांगा की."

"गाडी चुकेल. निवांत सांगतो."

ती संध्याकाळ काही आली नाही. दुपारी तुमच्या लॅबमधून फोन आला. मी हॉस्पिटलात पोचले तेव्हा सांगण्यासारखं काहीच तुमच्यात उरलं नव्हतं.

परवा तुमचं वर्षश्राद्ध झालं. त्यात आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी जे घडलं ते कुणाला सांगावं, मला कळेना. इराला सांगितलं तर ती मान हलवेल, तुमच्या आईंना सांगितलं तर त्यांची झोप जाईल. ऐकून घेऊन वाद घालणारा माणूस घरात एकच होता. म्हणून तुम्हाला लिहितेय.

तुमचा दहावा सुभाष भावजींनी गावी, नदीच्या घाटावर केला, हे तुम्हाला माहीत नसेल. की असेल? माझी अडचण इथूनच सुरू होते. आम्ही दोघी इथून फोनवर बघत होतो. पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. पिंपळावर पाच-सहा बसले होते, पण एकही खाली उतरेना. मग रीतीप्रमाणे एकेकानं पुढे होऊन तुमच्या मनातलं राहिलेलं बोलायला सुरुवात केली. भावजी म्हणाले, "दादा, इराच्या लग्नाचं आम्ही बघतो." कावळा हलला नाही. आई म्हणाल्या, "तुला गावी परत यायचं होतं ना रे? मंगल आणि पोरगी येतील हो." तरी नाही. कुणीतरी म्हणालं, संशोधन अर्धं राहिलं असेल. त्यावर तर कावळ्यांनी पाठच फिरवली.

शेवटी भावजींनी फोन पिंडांकडे धरला. "वहिनी, तुम्ही बोला. तुम्हालाच ठाऊक असणार."

मला काय ठाऊक होतं? 'संध्याकाळी बोलायचंय', एवढंच. मी तोंड उघडलं आणि आवाज फुटला नाही. अखेर गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे घरी गेले.

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "त्या कावळ्यांची पोटं भरली होती. घाटावर आदल्या दिवशी तिघांचे दहावे झाले असतील." मीही स्वतःला तेच सांगितलं. पण आईंना कोण सांगणार? वर्षभर दर फोनला त्यांचा एकच प्रश्न. "त्याचं काय राहिलं गं, मंगल?" भावजी म्हणतात, ताटावर बसतात आणि अर्ध्यातून उठतात. आधीच त्यांच्या अंगावर मांस किती होतं, तुम्हाला माहीत आहे.

आठवतं का, एका गणपतीत मी मोदकाच्या पाऱ्या वळत होते आणि तुम्ही ओट्याला टेकून मला शिकवत होतात? "चहात साखर आहे की नाही, हे सत्य. गोड चहा चांगला की वाईट, हे मत. आता सांग, देव यातलं कुठलं?"

मी म्हटलं, "साखर आहे की नाही हे प्यायल्याशिवाय कळतं का?"

"नाही कळत."

"मग तुम्ही कपाला हात न लावताच कसं सांगता, की त्यात काही नाही म्हणून?"

तुम्ही हसलात. म्हणालात, "नाही असं मी म्हणत नाही. तपासता येत नाही म्हणतो. जे तपासता येत नाही ते ज्याचं त्याचं मत. ठेवावं, पण सत्य म्हणून दुसऱ्याच्या गळ्यात मारू नये." आणि कच्चा मोदक उचलून तोंडात टाकलात. नैवेद्याच्या आधी.

ते मला तेव्हा पटलं होतं. तुमच्या कपाटातली पुस्तकं मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचली, त्यांतही साधारण तेच होतं. पण अहो, त्या सकाळी तुमच्या मनात काहीतरी होतं. ते काय होतं हे आता कुठल्याच यंत्रानं तपासता येणार नाही. म्हणून ते नव्हतं का? ते काय माझं मत झालं? भावजींनी एक सांगितलं, आईंनी दुसरं. ती त्यांची मतं. पण त्या सगळ्यांच्या पलीकडे एक खरी गोष्ट होती, तिला आमच्यापैकी कुणाला काय वाटतं याच्याशी देणंघेणं नव्हतं. ती होती आणि माझ्या हाताला लागत नाही. देवाचं असंच असेल का? तुमच्याकडे याला उत्तर असतं. ते बरोबर की चूक, हा पुढचा प्रश्न, पण असतं. मला वाद घालता येतो, तडीस नेता येत नाही. तुम्ही मध्येच उठून गेलात.

कदाचित साधंच काही असेल. गॅलरीतल्या कुंड्या हलवायच्या असतील. फ्रिज बदलायचा असेल. पण 'निवांत सांगतो' असं कुणी फ्रिजबद्दल म्हणतं का?

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा आईंनी फोनवर वेगळंच काढलं. "इकडचं सुभाष करेलच. पण तो गेला तिथे. जीव तिथेच घुटमळत असेल. इथल्या कावळ्यांना त्याची ओळख कुठली? तू तिथे घास ठेव."

इरा शेजारीच बसली होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "आई, हे आजीचं ओपिनियन आहे. फॅक्ट नाही. बाबांना हे आवडलं नसतं."

"हे तुझं ओपिनियन की फॅक्ट?"

डोळे भरले तिचे. मी असं बोलायला नको होतं. तुमच्याशी बोलायची सवय, दुसरं काय. पोरीच्या बोलण्यात तुमचा सूर लागला की मी भान विसरते.

समोरच्या दारातल्या ओकादा-सान तुम्हाला आठवतात ना? रोज सकाळी कुकर उघडला की पहिला भात गेलेल्या नवऱ्याच्या फोटोपुढे ठेवतात आणि छोटी घंटा वाजवतात. एकदा माझ्या मोडक्या जपानीत मी विचारलंच, ते खातात असं तुम्हाला वाटतं का? त्या म्हणाल्या, "कोण जाणे. दुपारी तो भात मीच खाते." आणि खुदकन हसल्या. मला त्यांचा हेवा वाटला. त्यांना हा प्रश्न पडतच नाही, आणि मला दुसरा सुचत नाही.

परवा पहाटेच उठून स्वयंपाक केला. भात, खीर, वडे, आमसुलाची चटणी, आणि तुम्हाला आवडायची ती भेंडीही केली. इरा न सांगता तयार होऊन आली. आम्ही दोघी ताट झाकून नदीच्या बांधावर गेलो. रविवार होता. मैदानात मुलं बेसबॉल खेळत होती, लोक कुत्री फिरवत होते. विजेच्या खांबांवर कावळे भरपूर होते. मी घास मांडला आणि आम्ही लांब जाऊन उभ्या राहिलो. इराच्या हातात फोन, फोनवर आई.

हेच कावळे आमच्या कचऱ्यावर कसे तुटून पडतात, तुम्ही पाहिलंय. त्या दिवशी त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. एक उतरला, दोन उड्या मारत जवळ आला, तेवढ्यात एक कुत्रा भुंकला आणि तो उडून गेला. मग कुणीच नाही. फोनमधून आईंचा आवाज येत राहिला. "शिवला का? मंगल, शिवला का गं?"

या वेळीही माझ्या तोंडून शब्द निघेना. 'हो' म्हणावं तर खोटं. 'नाही' म्हणावं, तर ते ऐकून ती म्हातारी पुन्हा ताटावरून उठणार. आणि समजा, आई म्हणतात ते मत नसून सत्यच असेल, तर? तर तुम्ही उपाशी आहात. मी शिजवलेलं अन्न समोर आहे, आणि तुम्ही कुठेतरी उपाशी आहात. या एका विचारापुढे तुमची सगळी पुस्तकं मला पुरत नाहीत.

इरानं फोन स्वतःकडे वळवला आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "हो आजी, शिवला. मी बघितलं."

पलीकडे आई रडायला लागल्या. "सुटला गं माझा लेक," म्हणाल्या.

फोन बंद झाल्यावर इरा खाली गवतातच बसली. मी मांडलेला घास उचलून ताटात ठेवला. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "आई, आता आजी जेवेल ना? ते तर फॅक्ट आहे."

यावर तुम्ही काय म्हणाला असतात? सांगा ना. तुमच्याच मुलीनं तुमच्या आईला खोटं सांगितलं, आणि त्या दिवशी आई दोन पोळ्या जेवल्या. भावजींनी मुद्दाम कळवलं. मी कुणाला रागावू? मला आनंद झाला आणि लाजही वाटली. दोन्ही एकदम होतं, हे मला माहीत नव्हतं.

बांधावर अन्न सोडता येत नाही, म्हणून ताट परत आणलं. आमच्या घशाखाली ते उतरेना. शेवटी कागदात बांधून जाळायच्या कचऱ्याच्या पिशवीत ठेवलं. तुमचं पान मी कचऱ्यात घातलं, अहो. दुसरं काय करणार होते?

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन खाली गेले. जाळी पसरली, बाटल्या ठेवल्या. एक बाटली कमी पडली. पत्र्याची टपालपेटी उघडून पत्रं काढली आणि वळून बघते, तर एक कावळा जाळीच्या मोकळ्या टोकाखाली शिरून आमची पिशवी फाडत होता. कागद ओढून काढला, सोडवला, आणि तोच घास खायला लागला. भात, त्यावरचं तूप, वडा.

ओकादा-सान झाडू घेऊन धावत आल्या. या आठवड्यात तिथल्या सफाईची पाळी त्यांची आहे. मी मध्ये हात आडवा केला. "चोत्तो मात्ते कुदासाइ," जरा थांबा, म्हटलं. त्यांनी कारण विचारलं. दर्भ, पिंड, दहावा, यातलं काहीच मला जपानीत येत नाही. मी म्हटलं, "माझ्या नवऱ्याचं जेवण आहे."

त्यांनी झाडू खाली टेकवला आणि माझ्या शेजारी उभ्या राहिल्या.

घाटावर मला बोलता आलं नव्हतं, बांधावरही नाही. तिथे कचऱ्यापाशी बोलता आलं. कावळा मी बोलायच्या आधीपासूनच खात होता, तेही लिहून ठेवते, नाहीतर तुम्ही विचाराल. मी म्हटलं, "तुमच्या मनात काय राहिलं, मला माहीत नाही. माहीत असल्यासारखं मी कधी करणार नाही, आणि माझी इच्छा तुमच्या नावावर खपवणार नाही. कुणी विचारलं तर सांगेन, ते संध्याकाळी सांगणार होते. आईंना रोज फोन करीन. इराला भेंडीवरून बोलणार नाही. एवढंच माझ्या हातात आहे, तेवढं कबूल करते."

तो शिवला म्हणायचा का? मला माहीत नाही. आईंना आता सांगायची सोय नाही, त्यांच्या लेखी तो आदल्या दिवशीच शिवलाय. इराला अजून सांगितलेलं नाही.

कावळा उडाल्यावर ओकादा-साननी झाडलं, मी सुपलीत भरलं. जाळी नीट केली. मग वर आले, हात धुतले, आणि इराला शाळेसाठी उठवलं.

तुमची,
मंगल