वालाची सालं

आये,

आज लेकीनं बाजारातून सोललेले वाल आणले. प्लॅस्टिकच्या पिशवीत, पांढरे स्वच्छ, एकालाही साल नाही. मी पिशवी हातात घेतली आणि तशीच ओट्यावर ठेवून दिली. "काय झालं गं आई?" तिनं विचारलं. काही नाही म्हटलं.

माझे हे चौक गावात ट्रकांच्या गॅरेजात कामाला होते. तापाचं निमित्त होऊन गेले, आणि दिवस उरकल्यावर सासरच्यांनी मला लेकीसकट यष्टीत बसवून तुझ्या दारात पाठवलं. भावजय वाईट नव्हती. पण घर दोन खोल्यांचं, तिची पोरं लहान, आणि भात पिकून पिकून किती पिकणार. एका संध्याकाळी ती दादाला म्हणाली, मला ऐकू येईल अशाच आवाजात, "माहेरपणाला आलेली नणंद परत तरी जाते. ही बिऱ्हाड घेऊन आलीय." तू चुलीपुढे होतीस. फुंकणी खाली ठेवलीस.

नंतर वालाला मोड आले तेव्हा तू कोमट पाण्यात टाकून सोलायला बसलीस आणि निम्मी सालं तशीच ठेवलीस. जेवताना दादानं दाताखालचं साल काढून ताटाच्या कडेला ठेवलं. "आये, हे काय गं?"

"मला दिसत नाय रं आताशा. आपल्या बायला राहू दे माझ्याजवळ. हिच्याबिगर मला चूल पेटवता यायची नाय."

बाबा गेल्यापासून ते घर तुझ्याच शब्दावर चालत होतं. पोरांना मोठं केलंस ते तू, शेतात राब भाजण्यापासून भाताच्या लावणीपर्यंत सगळं बघितलंस ते तू. त्यामुळे माझा विषय तिथेच मिटला. दादा म्हणाला, "राहू दे मग." भावजयीनं भाकरी वाढली.

मला ते खरंच वाटलं. तुझ्यामागून वाटी घेऊन सालं काढत बसायचे आणि चिडायचे. एकदा सगळ्यांसमोर बोलले, "दिसत नाही तर हात कशाला घालतेस? काम दुप्पट करून ठेवतेस." तू म्हणालीस, "बोल बाय, बोल. आंधळ्या म्हातारीला कोनबी बोलतंय." भावजय खुदकन हसली. मीही हसले.

मग ती दुपार. लेक करवंदीच्या जाळीतून लंगडत आली. घरात कोणी नाही असं समजून तू तिचा पाय मांडीवर घेतलास, बांगडीला अडकवलेली टाचणी काढलीस, आणि टाचेत मोडलेला, केसाएवढा काटा एका झटक्यात बाहेर काढून तिच्या तळहातावर ठेवलास. "बग, केवडासा हाय. रडतेस काय?" मी दाराआड उभी आहे. हातात पाण्याची कळशी आहे, ती खाली ठेवायचं मला सुचत नाही.

तेव्हा मला कळलं, तुला स्वच्छ दिसतं. कशेळ्याच्या बाजाराला जाणं म्हणजे तुझा सण होता. डोक्यावर वालाची पाटी, बरोबरीच्या बाया, वाटेत थट्टा. ते तू या सोंगापायी सोडलंस. बाया अंगणातून हाक मारायच्या, "म्हातारे, येतेस का गं?" तू म्हणायचीस, "नाय गं, वाट दिसत नाय मला." मग त्या वळणाआड जाईपर्यंत त्यांच्याकडे बघत बसायचीस. मी आत भांडी घासायचे. माझ्या एका शब्दानं तू मोकळी झाली असतीस, पण माझं छप्पर गेलं असतं. म्हणून तुला आंधळी राहू दिलं.

वाचायला मी शिकले तेही त्याच घरात, लेकीच्या पुस्तकावरून. किराणा बांधून आलेला कागद तू गुडघ्यावर सरळ करायचीस आणि म्हणायचीस, "काय म्हनतोय तो, वाच." अडखळत वाचायचे. तुला अर्धवट बातम्यांचा शेवट हवा असायचा आणि कागद नेमका तिथेच फाटलेला.

पुढे आश्रमशाळेत स्वयंपाकाचं काम मिळालं, राहायला खोलीसकट. मी निघायच्या आधी काही दिवस तू सोललेले वाल एकदम स्वच्छ निघायला लागले. एकही साल नाही. मी मनात म्हटलं, आता सोंगाची गरज उरली नाही, म्हातारी थकली नाटक करून. तू बोटांनी चाचपून एकेक दाणा सोलत होतीस, हे मला दिसलं नाही. आधी मला ठेवून घ्यायला तुला दिसत नव्हतं. आता मी जावं म्हणून दिसत होतं.

दिवाळीनंतर मी आले ती फक्त दुपारपुरती. अंगणात उभी राहिले. तू सरळ माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "घरची मानसं शेतावर गेलीत. बसा, पानी देते."

मला हसू आलं. "आये, नाटक पुरे आता."

तू आवाजाच्या रोखानं मान वळवलीस. मग तूही हसलीस. "वळखलंस व्हय? म्हटलं बघू, फसते का." आत गेलीस, तांब्या-पेला आणलास. आपण लेकीच्या शाळेचं बोललो, कालवणाचं बोललो. संध्याकाळच्या यष्टीनं मी परत गेले.

तू गेल्यावर भावजयीनं सांगितलं. म्हणाली, "वर्षभर काय पन दिसत नव्हतं त्यांना. मला शपथ घातली होती, बायला कळवू नको, ती काम सोडून येईल." कर्जतला डोळे तपासायचं शिबिर भरलं होतं, तिथे न्यायचं दादानं काढलं, तर नाही म्हणालीस. मी म्हटलं असतं तर गेली असतीस.

लेकीला वाटतं, मला हे माहीतच नव्हतं. ती म्हणते, "तुला कसं कळणार होतं आई?" मी तिला तसं समजू दिलंय. हा कागद तिच्या हाती पडू देणार नाही. तुला तर वाचता येत नव्हतं.

त्या दुपारी तू पेला भरत होतीस. पेला भरला, पाणी काठावरून खाली आलं, तुझ्या पायावरून जमिनीवर गेलं, तरी तू ओततच होतीस. मी ते पाहिलं होतं, आये. मला संध्याकाळची यष्टी गाठायची होती.