गाडी गोंदियात, मी बालाघाटात

७ जुलै, सोमवार
शाळेतून परत येताना वारासिवनीच्या अलीकडे गाडी बंद पडली. आधी तेलाचा लाल दिवा, मग पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज, मग काहीच नाही. तीन वर्षंही झाली नाहीत घेऊन. एकही सर्व्हिसिंग चुकवलेलं नाही.
व्हीलचेअर मागच्या सीटवर घडी करून. ती काढून द्यायला माणूस लागतं. शाळेत कलाबाई, घरी बाबा. म्हणून मी आतच, काचा खाली करून, दोन तास. हेल्पलाइनवरची बाई विचारते, "मैडम, आप गाड़ी से बाहर सुरक्षित जगह पर खड़ी हैं?" खड़ी. हो म्हटलं.
बाबा शेजारच्या काकांना घेऊन त्यांच्या गाडीतून आले. "काहून रडून राह्यली? इंजिनच तं आहे." रडत नव्हते. घाम होता.

१० जुलै, गुरुवार
बालाघाटात नुसतं शोरूम, वर्कशॉप गोंदियाला. टोइंगच्या ट्रकवर चढवून राजेगाववरून नेली. बाबा ड्रायव्हरजवळ बसून गेले. संध्याकाळी येऊन सांगितलं, तेलाचा पंप गेला, आतलं सगळं कोरडं घासलं, इंजिन जाम. तिथला सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणाला, वॉरंटीत आहे, आठ दिवस लागतील. बाबा खूश. मीही.

२१ जुलै, सोमवार
आठाचे अकरा झाले. ॲडव्हायझर दोनदा फोन उचलत नाही, तिसऱ्यांदा उचलला. "पार्ट वरून येऊन राह्यला मॅडम." वरून म्हणजे कुठून, विचारलं तर कट.
शाळेत ऑटोनं. बाबा काखेत हात घालून उचलतात, ऑटोवाला पाय धरतो. पोरं बघतात. एवढे दिवस मला गाडी चालवत येताना बघितलं त्यांनी, आता पोत्यासारखी उतरते. पाचवीवर उगाच आवाज चढला आज.

३० जुलै, बुधवार
मेल आली. वॉरंटी नाकारली. कारण, "गाडीत अनधिकृत फेरबदल". म्हणजे ब्रेक-ॲक्सिलरेटरचे हाताचे दांडे. नागपूरला बसवले, पत्ता ह्यांच्याच सेल्समननं दिला, आर.सी.वर नोंद आहे. फोन केला.
"दांड्याचा अन् तेलाच्या पंपाचा काय संबंध, सांगा न."
"मी समजतो मॅडम. पण कंपनीची पॉलिसी आहे."
"गाडी विकताना होती का ही पॉलिसी?"
"ते सेल्सवाले सांगतील."
तो सेल्समन नोकरी सोडून गेला.

६ ऑगस्ट, बुधवार
सुट्टी टाकून स्वतः गोंदियाला गेले, बाबांना घेऊन. ऑफिसला पाच पायऱ्या. ॲडव्हायझर खाली आवारात आला आणि उभ्यानं बाबांशीच बोलला. नोकरी माझी, गाडी माझ्या नावावर, सह्या माझ्या. तरी "अंकल, मॅडमला समजवा."
गाडी मागच्या शेडमध्ये. बॉनेट उघडं, इंजिनाच्या जागी खड्डा. दांडे काढून डिकीत टाकलेले, तेलकट फडक्यांखाली. कोणाला विचारून काढले? "फोटो पाठवायचे होते वर."
तो गेल्यावर एक म्हातारा मेकॅनिक जवळ आला. हळूच म्हणाला, "ताई, तुमच्या दांड्यानं काही नाही झालं. याच मॉडेलचे तीन इंजिन खोलले मी उन्हाळ्यापासून. तिन्हींचा पंपच."
"लिहून देसान का?"
त्यानं हात पुसले, पुसतच राहिला. "मले अजून दोन साल नोकरी काढाची हाय."
राग यायला हवा होता त्याचा. नाही आला.

१४ ऑगस्ट, गुरुवार
कंपनीला चौथी मेल. तासाभरात उत्तर. आपली तक्रार सोडवण्यात आली आहे, आमच्या सेवेला किती तारे द्याल?
संध्याकाळी वकीलबाईंकडे. ग्राहक मंचात केस होते म्हणाल्या, चांगली होते. पण तपासणी होईपर्यंत गाडी आहे तशी खोललेली ठेवायची, हात लावायचा नाही. किती दिवस? "दिवसांत नका मोजू." बाहेर दुरुस्त करून घेतली तर पुरावा गेला. केस करायची तर गाडी नाही. गाडी सुरू करायची तर केस नाही.
बाबा म्हणाले, घरी जाऊन ठरवू. घरी कोणीच विषय काढला नाही.

२२ ऑगस्ट, शुक्रवार
बाबांची कंबर गेली. शाळेच्या फाटकात, मला ऑटोतून उतरवताना. मला पडू दिलं नाही, खुर्चीत बसवलं, आणि तसेच वाकलेले उभे राहिले. सरळच होता येईना. हेडसरांनी त्यांच्या मोटरसायकलवर कसंबसं दवाखान्यात नेलं.
डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे पडून राहायचं, ओझं उचलायचं नाही. ओझं.

२९ ऑगस्ट, शुक्रवार
आठवडाभर घरी. आम्ही दोघंच, त्यामुळे स्वयंपाक, त्यांचं पाणी, गोळ्या, सगळं मी. खुर्ची पलंगाच्या आणि भिंतीच्या मधून जात नाही, ताट लांबूनच द्यावं लागतं.
हेडसरांचा फोन. भला माणूस. "मैडम, बालाघाट ऑफिस में अटैचमेंट करवा देते हैं. घर के पास, कुर्सी का काम." अर्ज व्हॉट्सॲपवर पाठवला, सही करून द्यायचा. म्हणजे शिक्षण खात्याच्या ऑफिसात, नावाला तात्पुरतं. शाळा सुटलीच. एकदा तिथं चिकटवलं की परत कोण पाठवतं. पाचवीला दुसरं कोणी मिळणार नाही, हे त्यांनाही माहीत आहे.
बाबा पलंगावरून म्हणाले, "करून टाक सही. मी नाही उचलू शकत तुले आता."
असं पहिल्यांदाच म्हणाले.

४ सप्टेंबर, गुरुवार
केस दाखल. वकीलबाई घरी येऊन सह्या घेऊन गेल्या. पहिली तारीख कधी, माहीत नाही. गाडी शेडमधून काढून मागं उघड्यावर लावली म्हणे, जागा पाहिजे होती. बॉनेट लावलं का, ॲडव्हायझरला विचारलं. "बघून सांगतो मॅडम."
हेडसरांच्या अर्जावर सही केलेली नाही. नाही म्हणूनही कळवलं नाही.
पाच वाजता सरिताचा फोन, पाचवीतली, आईच्या मोबाइलवरून. अपूर्णांक चालू आहेत. हेडसर शिकवतात, पण त्यांना ऑफिसचं काम आलं की मध्येच उठून जातात. मग म्हणाली, "मैडम, कब आओगे?"
"सोमवार को," म्हटलं. तोंडातून निघून गेलं.
ती खूश झाली. कशी येणार, ते विचारलं नाही तिनं.
फोन ठेवला. बाबा जागेच होते.
"कोणता सोमवार?" म्हणाले.