फुलबाजीची काळी तार

आबा, पोरीच्या जातीनं आगीशी खेळू नये, हे तुमचं म्हणणं मला तेव्हा पटलं नव्हतं आणि आता म्हातारपणीही पटत नाही. एका दिवाळीत भावानं अंगणात टाकलेल्या फुलबाजीच्या तारेवर माझा अनवाणी पाय पडला आणि तळवा भाजला. तार टाकली त्यानं, आणि फुलबाजी बंद झाली माझी. "तो मुलगा हाय," एवढंच तुम्ही म्हणालात.

पुढच्या वर्षी तुम्ही कुळगावातून उल्हासनगरच्या निर्वासितांच्या कॅम्पात भाजी घेऊन जायचात, तेव्हा मी बरोबर असायची. तिथं बराकीत राहणारी सिंधी चाची घरीच फुलबाज्या करायची. तुम्ही भाजी विकेपर्यंत मी तिच्या दारात बसायची. दारूकामाचा खार, चंदेरी पूड आणि लोखंडाचा बारीक कीस खळीत कालवून ती त्यात तारा बुडवी, वाळवी, पुन्हा बुडवी. मी विचारलं, "ही फुलं कुठून येतात?" ती हसली. "लोहा है बेटी. तापून उडतो, हवेत जळतो." मग माझ्या पायाकडे बघून म्हणाली, "तार काली हुई मतलब ठंडी हुई, ऐसा नहीं. सीधी पानी में डालो."

त्या दिवाळीला मी अंगणात पाण्याची बादली भरून ठेवली. सगळे हसले. भावानं पाच-सहा फुलबाज्या एकत्र मुठीत धरून पणतीवर पेटवल्या. मी ओरडले, "एकेक पेटव!" तोवर भडका उडाला होता आणि त्याच्या सदऱ्याची बाही पेटली होती. तो पळायला लागला. मी त्याला धरलं, अख्खी बादली त्याच्यावर ओतली, पुन्हा भरून आणली आणि त्याचा हात त्यात बुडवून धरला. आई रडते आहे, तो किंचाळतो आहे, आणि तुम्ही घरातून येता ते थेट माझ्या थोबाडीत मारता. "तुला आगीजवळ जायचं नाय सांगितलं व्हतं ना?"

"गेले नसते तर विझवली कोणी असती?" मी विचारलं. तुमच्याशी इतक्या मोठ्यानं मी पहिल्यांदाच बोलले. आणि तुमच्या समोरच एक फुलबाजी उचलली, ओढणी-पदर काही लोंबत नाही ना ते पाहिलं, हात लांब करून पेटवली, टोक सगळ्यांपासून दूर धरलं, पूर्ण जळू दिली आणि तार बादलीत सोडली. चर्रर्र झालं. भावाच्या कोपरावर नंतर बोटभर डाग राहिला, बस. तुम्ही मात्र पाहुण्यांना माझी ओळख 'आगलावी' अशी करून देत राहिलात. मला त्याची कधी लाज वाटली नाही.

आता माझ्या घरी पहिली फुलबाजी नातीच्या हातात जाते. हे तुम्हाला आवडलं नसतं, म्हणूनच सांगते आहे. हा कागद घडी करून ठेवीन, पाठवायचा कुठं? एवढं मात्र खरं, आबा, त्या रात्री तुमच्यासमोर पेटवलेली फुलबाजी विझेपर्यंत मी तुमच्याकडे एकदाही बघितलं नाही. बघितलं असतं तर हात खाली आला असता.